थोरोंग ला जोडीने ओलांडायची तर

रात्री दोन वाजता, नेपाळमधल्या याक खर्का या उंचावरच्या वस्तीत, प्लायवूडच्या खोलीत मी नवऱ्याचे श्वास मोजत बसले होते. चार-पाच खोल श्वास, मग सगळं शांत. घाबरून त्याला हलवणार, तेवढ्यात पुन्हा एक मोठा श्वास. विरळ हवेत झोपेत बहुतेकांचं असं होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे मला नंतर कळलं. पण मी हलवल्यावर तो जागा झाला आणि आणखी एक गोष्ट कळली. त्याचं डोकं आदल्या दुपारपासून ठणकत होतं, जेवण उलटून पडलं होतं, आणि माझा ट्रेक बिघडू नये म्हणून तो गप्प राहिला होता.

उजाडल्यावर आम्ही खालच्या मनांग गावी उतरलो. तिथे दोन रात्री काढल्या आणि पुन्हा चढायला लागलो. पाचव्या दिवशी सकाळी दोघंही ५४१६ मीटरवरच्या थोरोंग ला खिंडीत उभे होतो. तो अजून एक दिवस गप्प राहिला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही टाळते. म्हणून नेपाळचं अन्नपूर्णा सर्किट, म्हणजे अन्नपूर्णा पर्वतरांगेला वळसा घालणारा ट्रेक, पहिल्यांदाच जोडीने करणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पहिल्या मोठ्या उंचीसाठी सर्किट का

मी दोन कारणांसाठी सुचवते. एक म्हणजे वाट हळूहळू चढते. सुरुवातीचं गाव बेसीसहर जेमतेम ८०० मीटरवर आहे. तिथून मर्स्यांगदी नदीच्या काठाने भाताची खाचरं, मग पाइनचं जंगल, मग मनांगचं कोरडं खोरं असं चढत जाताना शरीराला वेळ मिळतो. दुसरं म्हणजे मुक्काम गावांमध्ये असतो. तंबू, स्टोव्ह, शिधा काही वाहायचं नाही. प्रत्येक टप्प्यावर टी-हाउस आहे, तिथे खाट आणि गरम जेवण मिळतं.

फिरायची दिशा मात्र मनांगकडून मुक्तिनाथकडे, अशीच ठेवा. उलट बाजूने मुक्तिनाथच्या सुमारे ३७५० मीटरवरून थेट ५४१६ गाठावी लागते. नवख्यांनी ते करू नये.

ऋतू दोन. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्चअखेर ते मेची सुरुवात. आपल्याला दिवाळीची सुट्टी सोयीची पडते, पण दसऱ्याच्या सुमारास नेपाळात दसैं असतो. अख्खा देश गावी निघालेला असतो आणि बसमध्ये जागा मिळत नाही. ते चार-सहा दिवस टाळून निघा.

कागद, पैसे, विमा

भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. १५ ते ६५ वयाच्यांना आधार कार्ड चालत नाही. माझा आग्रह पासपोर्टचाच आहे, कारण विम्याचं काम त्याच्याशिवाय अडतं. रेल्वेने जायचं असेल तर गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा, मग भैरहवाहून बसने पोखरा. वेळ जातो, पण पैसे बरेच वाचतात.

अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं परमिट काठमांडू किंवा पोखऱ्यात मिळतं. सार्क देशांच्या नागरिकांना १००० नेपाळी रुपये, इतर परदेशींना ३०००. त्यामुळे खिडकीवर आपण भारतीय असल्याचं आधीच सांगा. एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सनी परवानाधारक गाइड घ्यावा असा नियम आहे. नियम नसता तरी पहिल्या वेळी मी गाइड घ्या असंच सांगितलं असतं. दोघांपैकी एक आजारी पडला तर दुसऱ्याने त्याला धरायचं की मदत आणायला पळायचं, हा प्रश्न तिसरं माणूस असलं की सुटतो.

भारतीय रुपया आणि नेपाळी रुपयाचा दर ठरलेला आहे, १०० ला १६०. आपल्या मोठ्या नोटांबद्दलचे तिथले नियम बदलत आले आहेत, म्हणून शंभराच्या नोटा न्या. बेसीसहर सोडण्याआधी पूर्ण ट्रेकची नेपाळी रोकड काढून घ्या. वरच्या गावांतल्या एटीएमच्या भरवशावर चढू नका. ही रोकड दोघांच्या सॅकमध्ये अर्धी-अर्धी ठेवा. नेहमी पैशाचं पाकीट एकाकडेच असलेल्या जोडप्यांना हे अवघड जातं, पण पाकीटवाला एखाद दिवस पुढे-मागे झाला तर मागे राहिलेल्याला चहाही विकत घेता येत नाही.

विम्याच्या कागदात दोन ओळी शोधा. किती मीटर उंचीपर्यंतचा ट्रेक धरला आहे, आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च मिळतो का. बऱ्याच साध्या प्रवास विम्यांमध्ये उंचीची मर्यादा थोरोंग लाच्या खूप खाली असते. आपल्याला ६००० मीटरपर्यंतचा हवा. पॉलिसीचा नंबर आणि विमा कंपनीचा तातडीचा फोन दोघांकडेही कागदावर लिहिलेला असू द्या. फोन थंडीत बंद पडतात.

घरचे तीन महिने

कळसूबाई १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. म्हणजे सह्याद्रीत कितीही फिरलात तरी उंचीची सवय होत नाही, होते ती पायांची आणि फुप्फुसांची. पुण्यातले दर आठवड्याला पाठीवर आठ किलो घेऊन सिंहगड करतात, ते उत्तम. त्याहून उपयोगी म्हणजे सलग दोन दिवस चालणं. राजगड-तोरणा मुक्कामाने करा. पहिल्या दिवशी दमलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निघताना आपण एकमेकांशी कसे बोलतो, हे तिथेच कळतं. आमचं त्या वाटेवर कडाक्याचं भांडण झालं होतं. तो पुढे निघून जायचा, मी पोचले की लगेच उठायचा. त्याची विश्रांती झालेली असायची, माझी नाही. तेव्हापासून नियम केला की हळू चालणारी व्यक्ती पुढे चालेल. दोघांना बोलता येईल इतकीच गती. बोलताना धाप लागली तर गती जास्त आहे.

तब्येतीची तपासणी निदान दोन महिने आधी करा. विशेषतः बायकांनी हिमोग्लोबिन बघाच. ते कमी असेल तर वाढायला वेळ लागतो आणि प्राणवायू कमी असलेल्या हवेत तीच तर आपली शिदोरी. दात दाखवून घ्या. रक्तदाब, दमा, मधुमेह असेल तर डॉक्टरांना नेमकी उंची सांगा, नुसतं "नेपाळला चाललोय" म्हणू नका. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही विचारा. दिवस राहिले असतील तर हा ट्रेक पुढच्या वर्षी.

सॅक

दोघं असण्याचा सगळ्यात सोपा फायदा इथे आहे. औषधांची पिशवी एक, पाण्याचा फिल्टर एक, पॉवर बँक एक, टूथपेस्ट एक. पण हेडटॉर्च, शिट्टी, पोंचो (सॅकसकट अंगावरून घ्यायचा रेनकोट), डाउन जॅकेट (पिसं भरलेलं) आणि स्लीपिंग बॅग ज्याची त्याच्याकडे. अंधारात वाट चुकली तर दोघांत एक टॉर्च कुणाच्याच कामाची नाही.

कपड्यांचा हिशेब तीन थरांचा. आत घाम शोषून लवकर वाळणारा थर, त्यावर फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. सुती बनियन आणि जीन्स घरीच ठेवा, ओला सुती कपडा अंगावर बर्फासारखा बसतो. बूट निघण्याच्या दोन महिने आधी घेऊन, घालून फिरून पायाला रुळवून घ्या. डाउन जॅकेट, स्लीपिंग बॅग आणि बर्फावर बुटाखाली लावायचे काटे काठमांडूत ठमेलला भाड्याने मिळतात. एकदाच जाणार असाल तर विकत घेऊ नका.

ओझं निम्मं-निम्मं वाटू नका. वजनाच्या प्रमाणात वाटा. ७५ किलोच्या माणसाला दहा किलो आणि ५० किलोच्या माणसाला दहा किलो ही बरोबरी नव्हे. दोघांत मिळून एक पोर्टर घेतला तर फार हलकं होतं. मात्र त्याच्या पाठीवर वीस किलोच्या वर टाकू नका. त्याच्याकडे खिंडीपुरते गरम कपडे, बूट आणि गॉगल आहेत का, त्याचा विमा आहे का, हे निघण्याआधी विचारा. नसतील तर भाड्याने घेऊन द्या. तोही त्याच हवेत श्वास घेणार आहे.

पाळीचं सामान घरूनच न्या, वरच्या गावांत मिळेलच असं नाही. उंचीवर तारखा पुढेमागे होतात, म्हणून तारीख नसली तरी न्या. वापरलेलं सगळं बंद पिशवीत खाली आणायचं.

रोज किती चढायचं

हवेतल्या प्राणवायूचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. ५४०० मीटरला तो समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात निम्माच प्राणवायू. शरीर याला जुळवून घेतं, पण दिवस घेतं. ३००० मीटरच्या वर गेल्यावर आजची झोपायची जागा कालच्यापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम, हा जगभर मानला जाणारा हिशेब आहे. दिवसा कितीही वर जाऊन या, मोजायची ती झोपेची उंची.

आजारपणामुळे मनांगला परतलो ते सोडलं तर आमचे मुक्काम असे होते:

- धारापानी, १८६० मी. (बेसीसहरहून जीपने)
- चामे, २६७० मी.
- अप्पर पिसांग, ३३०० मी.
- ङावल, ३६६० मी.
- मनांग, ३५४० मी., दोन रात्री
- याक खर्का, सुमारे ४००० मी.
- थोरोंग फेदी, सुमारे ४५०० मी.
- खिंड ओलांडून मुक्तिनाथ

आता मनांगपर्यंत जीप जाते आणि नवख्यांना तोच मोह पडतो. दोन-तीन दिवस वाचतात खरे, पण ८०० वरून ३५०० मीटरवर एका दिवसात नेऊन टाकलेलं शरीर पुढे सूड घेतं. पिसांगहून खालच्या जीपरस्त्याने न जाता घ्यारू-ङावलच्या वरच्या वाटेने जा. चढ छातीवर येतो, पण समोर अन्नपूर्णा दुसरी आणि गंगापूर्णा दिसत राहतात आणि उंचीची सवयही चांगली होते.

मनांगचा मुक्कामाचा दिवस लोळून काढू नका. गंगापूर्णा तळ्याच्या वरच्या टेकाडावर चढून या, किंवा ब्रागा गावातून आइस लेककडे जाता येईल तेवढं जाऊन परत या. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदत केंद्र मनांगला १९८१ पासून आहे. हंगामात तिथे डॉक्टर असतात आणि दुपारी उंचीच्या त्रासावर माहिती देतात. दोघांनीही जाऊन बसा. एकाने ऐकून दुसऱ्याला सांगण्याची ही गोष्ट नाही.

डोकं दुखायला लागलं तर

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे.

डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणं, गरगरणं किंवा वाजवीपेक्षा जास्त थकवा, हे उंचीचं आजारपण आहे असंच धरायचं. ऊन लागलं, पाणी कमी पडलं, काल झोप झाली नाही, ही कारणं नंतर शोधायची. सौम्य असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. जिथे आहात तिथे थांबा, पाणी प्या, पॅरासिटामॉल घ्या. दुसऱ्या दिवशी पूर्ण बरं वाटलं तरच पुढे. वाढलं तर खाली.

दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. पहिली मेंदूला सूज येणं. माणूस बरळतो, विचित्र वागतो, तोल जातो. पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. चालता आलं नाही तर रात्र असो की दिवस, त्याच क्षणी खाली न्यायचं. दुसरी फुप्फुसात पाणी होणं. स्वस्थ बसलेलं असतानाही धाप लागते, खोकला थांबत नाही, ओठ निळसर पडतात, कधी गुलाबी फेस येतो. तिथेही तेच. पाचशे-हजार मीटर खाली उतरणं हे खरं औषध, बाकी सगळं उतरेपर्यंतचा आधार. झोपेत श्वास थांबून-थांबून येणं वेगळं आणि जागेपणी बसल्या जागी धाप लागणं वेगळं. हा फरक पाठ करून ठेवा, म्हणजे माझ्यासारखं नको त्या गोष्टीला घाबरून खऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष होणार नाही.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, त्रास टाळायला उपयोगी पडतं. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला साधारणपणे १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ देतात आणि चढ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सुरू करतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नका. एक गोळी घरीच घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, त्याची ओळख आधीच झालेली बरी. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर पूर्ण वर्ज्य.

आता जोडीबद्दल. अनोळखी गटात माणूस चिडचिडा झाला तर लोक म्हणतात, स्वभाव असेल. नवऱ्याला मात्र माहीत असतं की ही सकाळी असं बोलत नाही. बायकोला माहीत असतं की हा वरणभात कधी टाकत नाही. ही ओळख कुठल्याही यंत्रापेक्षा मोलाची आहे. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर न्या हवं तर, पण ४५०० मीटरवर ८० ते ८५ आकडा दिसणं नवलाचं नाही आणि गार बोटांवर तो चुकतोही. दोघांचे आकडे एकमेकांशी लावून बघू नका.

पण हीच ओळख उलटीही फिरते. आपण एकमेकांना सांभाळून घ्यायला शिकलेलो असतो. "त्याने वर्षभर सुट्ट्या साठवल्या", "तिला मुक्तिनाथचं दर्शन घ्यायचंच होतं", म्हणून माणूस दुखणं गिळतो. आपल्या घरांत सोसणाऱ्याचं कौतुक होतं, तेही अंगात मुरलेलं असतं. म्हणून घरी असतानाच, शांतपणे बसून, एक करार करा. आमचा असा आहे:

रोज संध्याकाळी जेवणाआधी दोघांनी एकमेकांना चार गोष्टी विचारायच्या. डोकं, पोट, चक्कर, थकवा. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. "ठीक आहे" हे उत्तर चालत नाही, आकडाच सांगायचा. आणि दोघांपैकी कुणीही "खाली" म्हटलं की दोघंही खाली. कारण विचारायचं नाही, नंतर वर्षानुवर्षं टोमणा मारायचा नाही, आणि "तू जा, मी थांबतो" हेही नाही.

याक खर्काच्या त्या रात्रीनंतर आम्ही हा करार केला. तो आधी केला असता तर ती रात्र आलीच नसती.

खाणं, पाणी, झोप

डाळभात खा. भात, डाळ, भाजी पुन्हा मागितली की मिळते, आणि आपल्या पोटाला ओळखीचं जेवण उंचीवरही जातं. भूक मेलेली असेल तेव्हा लसणाचं सूप घशाखाली उतरतं. त्याने उंचीचा त्रास बरा होतो असं तिथे म्हणतात. मी ते गरम पाणी आणि मीठ पोटात जातं म्हणून पिते. मांस वरच्या गावांत टाळा, ते खालून पाठीवरून आलेलं असतं. खोली स्वस्त मिळते ती जेवण तिथेच करायचं या बोलीवर, म्हणून बाहेर खाऊन खोलीत फक्त झोपायला येऊ नका. जसजसे वर जाल तसतसा दर वाढतो. गरम पाण्याची बादली, फोन चार्ज करणं, सगळ्याचे वेगळे पैसे.

दिवसाला तीन-चार लिटर पाणी. बाटल्या विकत न घेता गोळ्या किंवा फिल्टर वापरा. लघवी फिकट असेल तर पाणी पुरेसं आहे. झोपताना दोन बाटल्यांत उकळतं पाणी भरून स्लीपिंग बॅगेत घ्या. रात्री ऊब, सकाळी प्यायला पाणी. फोन आणि बॅटऱ्याही बॅगेतच.

खोलीत दोन वेगळ्या खाटा असतात आणि भिंतीपलीकडचं कुजबुजणंही ऐकू येतं. एकांताची अपेक्षा ठेवून जाऊ नका. वाटेवर मणी-भिंती (मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती) आणि छोर्तेन (बौद्ध स्तूप) लागतात. आपण देवळात प्रदक्षिणा घालतो तसंच, त्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं.

खिंडीचा दिवस

फेदीहून पहाटे चार-साडेचारला निघा. सुमारे हजार मीटर चढ आणि मग सोळाशे मीटर उतार, असा हा लांबच लांब दिवस आहे. उशीर झाला की खिंडीवर वारा सुटतो. आदल्या संध्याकाळी गाइडला हवामान विचारा, आणि बर्फ पडणार असेल तर फेदीलाच थांबा. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुडहुड चक्रीवादळाच्या अवशेषाने या भागात हिमवादळ आलं आणि ४० हून अधिक माणसं गेली. त्यात ट्रेकर होते, गाइड होते, पोर्टर होते. म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. मोकळे दिवस नसले की माणूस ढगांकडे बघत "जमेल" म्हणतो.

वर जाताना पन्नास पावलं चाला, थांबा, पुन्हा चाला. प्यायच्या नळीतलं पाणी गोठतं, त्यामुळे बाटली जॅकेटच्या आत ठेवा. खिशात चिक्की किंवा खजूर. खिंडीवर पताका आहेत, फलक आहे. फोटो काढा, एकमेकांना मिठी मारा आणि पंधरा-वीस मिनिटांत निघा. उतार गुडघ्यांची परीक्षा घेतो, काठ्या इथे कामाला येतात. दुखापती याच बाजूला होतात, कारण चढ संपला म्हणून लक्ष सुटलेलं असतं.

मुक्तिनाथला १०८ धारा आहेत. त्यांच्याखाली स्नान करायची ओढ आपल्याकडच्या माणसाला असतेच, आणि आपल्या देवघरातले शाळिग्राम खालच्या काली गंडकीतून आलेले, हे तिथे उभं राहिल्यावर अंगावर येतं. पण खिंड उतरून आलात त्या दिवशी नको. पाणी बर्फासारखं असतं आणि अंगात काही उरलेलं नसतं. रात्रभर झोपा, सकाळी ऊन वर आल्यावर, कोरडे कपडे आणि टॉवेल हातात धरून दुसऱ्याला काठावर उभं करा आणि एकेकाने जा.

तिथून जोमसोमला जीप मिळते. पोखऱ्याची विमानं सकाळीच उडतात, कारण दुपारी काली गंडकीच्या खोऱ्यात जोराचा वारा सुटतो. विमान रद्द झालं तर बेनीमार्गे बस आहे. खडखडाट होतो, पण पोचवते.